दिवस गेल्यापासून बाळंत होईपर्यंत: वर्गात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

महापालिकेच्या प्रसूतिगृहात मी सव्वीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बहुतेक लेबर रूममध्ये गेली. आता दादरला शनिवारी दुपारी गर्भवतींचा वर्ग घेते. प्रश्न दर वर्षी तेच असतात. फोनवर उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

आपल्याकडे पोटुशी बाई काहीही म्हणाली की तिला ठरलेलं उत्तर मिळतं, ‘सगळ्यांनाच होतं गं.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कधीकधी ते साफ चुकीचं असतं, आणि त्या वेळी हेच वाक्य बाईला घरी बसवून ठेवतं. म्हणून प्रत्येक उत्तरात सगळ्यांना होतं काय आणि त्यात बसत नाही ते काय, एवढं पाहा.

दिवस नक्की कधीपासून मोजायचे? डॉक्टर आठवडे सांगतात, सासूबाई महिने.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे गर्भ राहायच्या साधारण दोन आठवडे आधीपासूनच मोजणी सुरू होते. पाळी चुकली आणि पट्टीवर दोन रेघा आल्या की डॉक्टर चौथा-पाचवा आठवडा म्हणतात तो याच हिशोबाने, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

पूर्ण काळ २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा. डॉक्टर पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात. १ जूनला पाळी आली असेल तर तारीख ८ मार्च. आपल्या आज्यांचं ‘नऊ महिने नऊ दिवस’ १० मार्चला येतं. दोन दिवसांचा फरक! मला याचं अजून कौतुक वाटतं. मात्र त्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम पाच. तेव्हा तारखेला रजा टाकून बसलेल्या नवऱ्याला तसं सांगून ठेवा. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख जास्त भरवशाची.

अजून पोटही दिसत नाही, तरी लोकलमध्ये उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी का येते?

पोट दिसत नसलं तरी काम सुरू झालेलं असतं. प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोनमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो आणि हृदयाला मिनिटामागे जास्त रक्त ढकलावं लागतं. त्यात सकाळची गर्दी, उपाशी पोट आणि कोणाच्या तरी डब्यातल्या लसणीचा वास. चक्कर नाही आली तरच नवल. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात गर्भवतींना बसायची मुभा आहे. संकोच करू नका, फाइल पर्समध्ये ठेवा. पोट दिसत नाही म्हणून कोणी हटकलं तर तीच दाखवायची.

मळमळीचा जोर आठव्या ते अकराव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो, सोळाव्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. उशाशी कुरमुऱ्यांचा डबा ठेवा आणि अंथरुणातून उठायच्या आधी मूठभर खा. पाणी जेवताना न पिता मधल्या वेळात. पण घोटभर पाणीही पोटात टिकत नाही, लघवी गडद आणि थोडीशीच होते, वजन उतरतंय, हे ‘सगळ्यांनाच होतं’ मध्ये बसत नाही. सलाइन लावावं लागतं.

मी नीट जेवते, तरी हिमोग्लोबिन उतरलं. असं कसं?

पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी वाढवतो. डाळ तेवढीच, आमटी पातळ. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, पण त्यातला पाण्याचा भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी. म्हणून आकडा थोडा उतरणारच. ही शरीराची सोय आहे. रक्त वारेपर्यंत, म्हणजे प्लॅसेंटापर्यंत, सहज पोचतं, आणि बाळंतपणात थोडं गेलं तरी झेपतं.

पण ११ च्या खाली गेलं की तो पंडुरोग. मग ‘पातळ झालंय’ ही सबब चालत नाही. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, निदान १८० दिवस. ती चहाबरोबर घेतली तर फारशी अंगी लागत नाही, लिंबू-पाण्याबरोबर जास्त लागते. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. शौचाला काळं होतं, घाबरू नका.

आता डोहाळ्यांचं. चिंच, कैरी, रात्री अकराला पाणीपुरी, हे सगळं लाडाचं. वर्गात एक मुलगी यायची, बँकेत नोकरीला. बोलता बोलता हात पर्समध्ये जायचा आणि तोंडात काहीतरी कुरकुरायचं. मी पर्स उघडायला लावली तर पाटीवरच्या पेन्सिलींचा अख्खा खोका! दिवसाला दहा-बारा खायची. हिमोग्लोबिन ७.८. पेन्सिल, भाजकी माती, चुना, कच्चे तांदूळ, राख असलं काही खावंसं वाटणं हे पुष्कळदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं. तिला शिरेतून लोह दिलं, आणि महिन्याभरात पेन्सिलीची आठवणही राहिली नाही. तेव्हा लाज वाटली तरी डॉक्टरांना सांगा.

शेजारच्या काकू म्हणतात पोट लहान आहे. पुढे आलेलं पोट म्हणजे मुलगा का?

काकूंचं सोडा. एरवी ६०-७० ग्रॅमची, मुठीएवढी गर्भपिशवी शेवटी किलोभराची होते. बाराव्या आठवड्यात ती ओटीपोटाच्या हाडाच्या वर हाताला लागते, विसाव्यात बेंबीशी येते, छत्तिसाव्यात बरगड्यांखाली. विसाव्या आठवड्यानंतर सिस्टर टेपने जेवढे सेंटिमीटर मोजते, साधारण तेवढेच आठवडे असतात. दोनतीन इकडेतिकडे चालतं. बाहेरून पोट कसं दिसतं हे तुमची उंची, पोटाचे स्नायू आणि कितवं बाळंतपण यावर असतं.

आणि मुलगा का मुलगी हे पोटाच्या आकारावरून कळत नाही. सोनोग्राफीत विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. देशाचा कायदा १९९४ चा, पण आपल्या महाराष्ट्राने त्याआधीच, १९८८ मध्ये केला होता.

पोटावर काळी रेघ, गालांवर वांग. हे जाईल ना?

रेघ जाते, वांग बहुतेकींचा फिका पडतो, ताणाच्या खुणा पांढरट होऊन राहतात. महागड्या तेलांनी त्या पुसल्या जात नाहीत. पोटाला खाज येते ती कातडी ताणल्याने. पण तळहात-तळपायांना खाज, रात्री झोप मोडेल इतकी आणि अंगावर पुरळ मात्र नाही, असं असेल तर यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

चपला का होत नाहीत?

सांध्यांचे बंध सैलावतात, तळव्याची कमान थोडी बसते. माझा नंबर पाचाचा सहा झाला तो परत आला नाही. कोल्हापुरीचा एक सुंदर जोड बहिणीला द्यावा लागला. अजून जीव जळतो.

पाय सुजतात. मीठ बंद करू का?

मीठ बंद करायची गरज नाही. संध्याकाळी घोट्याशी सूज आणि पाय वर घेऊन झोपल्यावर सकाळी ती उतरलेली, हे सगळ्यांनाच होतं. आमच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात तर होतंच.

पण हे नीट वाचा. एक आठव्या महिन्यातली बाई आमच्याकडे टॅक्सीतून झटके येत असतानाच आली होती. तीन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, अंगठी बोटातून निघत नव्हती. घरच्यांनी कपाळाला बाम चोळला आणि तेच वाक्य सांगितलं. तिचा रक्तदाब १८० वर होता. आई-मूल दोघं वाचली, पण बाळ नऊशे ग्रॅमचं होतं आणि दोन महिने काचेच्या पेटीत राहिलं. चेहऱ्याला, हातांना अचानक सूज, न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणं, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की घरी थांबायचं नाही. रात्र असली तरी.

बाळ कधी हलायला लागतं? मोजायचं का?

पहिलटकरणीला अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, दुसऱ्या खेपेला थोडं आधी. आधी गॅस फिरल्यासारखं वाटतं, मग मासा सुळकन गेल्यासारखं. सातव्या महिन्यानंतर जेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. ‘दिवस भरत आले की बाळ शांत होतं’ हे खोटं आहे. लाथा बदलून अंग घुसळणं होईल, पण हालचाल कमी होत नाही. कमी वाटली तर थंड पाणी पिऊन वाट बघत बसू नका, निघा.

सातव्या महिन्याचं मूल जगतं, आठव्याचं नाही, खरं का?

साफ खोटं. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा. या एका समजुतीपायी मी बायकांना आठवा महिना नुसता भीतीत काढताना पाहिलंय.

केशर, तूप, पपई?

केशराने रंग उजळत नाही. तुपाने वाट निसरडी होत नाही, ते पोटातून पचतं, गर्भपिशवीत जात नाही. कच्ची पपई टाळा, त्यात चीक असतो. पिकलेली खा. पावसाळ्यात मात्र मी फळांपेक्षा डासांची भीती जास्त घालते. गरोदरपणातला मलेरिया वाईट असतो. ताप आला की पॅरासिटामॉलवर दिवस ढकलायचे नाहीत, त्याच दिवशी रक्त तपासायचं.

खऱ्या कळा आणि खोट्या कळा कशा ओळखायच्या?

खोट्या कळांत पोट दगडासारखं होतं आणि सुटतं. त्यात ताल नसतो. उठून दोन फेऱ्या मारल्या, पाणी प्यायलं की विरतात. खऱ्या कळा चालल्याने थांबत नाहीत. बहुधा कमरेतून निघतात, पुढे ओटीपोटात येतात, आणि दर वेळी जास्त लांब, जास्त जवळ, जास्त जोरात. माझी खूण साधी आहे. कळ आल्यावर बाई बोलता बोलता वाक्य अर्धं सोडते तेव्हा ती कळ खरी.

चिकट, रक्ताची छटा असलेला स्राव गेला तर गर्भपिशवीचं तोंड मऊ होऊ लागलंय. अजून तास, कधी दिवसही लागतात. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतालची पाण्याची पिशवी, फुटली तर कळा असोत-नसोत, निघायचं. पाणी कसं आहे ते पाहा. हिरवट किंवा काळपट असेल तर अजिबात वेळ घालवू नका. ताजं रक्त पाळीसारखं जायला लागलं तरी तसंच.

मग घरून कधी निघायचं?

पुस्तकातलं उत्तर असं की पहिलटकरणीने दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघावं. मुंबईचं उत्तर वेगळं. तुम्ही विरारला आणि नाव घातलंय परळला, तर या हिशोबाने बाळ हायवेवर होईल. दुसऱ्या खेपेला तर सगळं भराभर होतं. जुलैत मोठ्या भरतीच्या वेळी धो धो पाऊस असेल तर हिंदमाता, सायनला साचणारं पाणी डोक्यात धरूनच निघा. नवव्या महिन्यात एकदा संध्याकाळी सातला घर ते हॉस्पिटल जाऊन पाहा, किती वेळ लागतो ते कळेल. शिवाय घराजवळचं एक हॉस्पिटल हेरून ठेवा. अॅम्ब्युलन्सचा १०८ नंबर फोनमध्ये घालून ठेवा. फाइल, रक्तगटाचा कागद, आधार कार्ड, जुन्या मऊ सुती साड्यांचे तुकडे, हे सगळं एकाच पिशवीत, दारामागच्या खुंटीला.

आत नक्की होतं काय? कोणी नीट सांगतच नाही.

मी सांगते. एरवी गर्भपिशवीचं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असतं, दिवस भरताना ते ओठासारखं मऊ होतं. प्रत्येक कळेला पिशवीचा वरचा भाग आखडतो आणि पूर्ववत सैल होत नाही, थोडा आखूडच राहतो. त्यामुळे खालचा भाग वर ओढला जातो, पातळ होतो आणि तोंड उघडतं. स्वेटर डोक्यातून घालताना गळा ताणला जातो ना, तसं. म्हणून एकही कळ वाया जात नाही, सिस्टर ‘अजून तेवढंच आहे’ म्हणाली तरी.

आम्ही लेबर रूममध्ये ‘दोन बोटं’, ‘तीन बोटं’ बोलायचो, कागदावर सेंटिमीटर लिहायचो. शून्य ते पाच हा टप्पा कंटाळवाणा आणि लांब. पहिल्या खेपेला त्यात अख्खा दिवस जाऊ शकतो. चाला, खा, डुलकी काढा. खरा जोर जागतिक आरोग्य संघटना पाच सेंटिमीटरपासून धरते. तिथून दहापर्यंत पहिलटकरणीला साधारण बारा तासांपर्यंत, नंतरच्या खेपेला दहापर्यंत लागू शकतात. आठ-नऊ सेंटिमीटरला बाई म्हणते, ‘मला घरी जायचंय, नाही जमणार.’ थरथरते, ओकते. हे ऐकलं की मी ग्लव्हज घालायला लागायचे, कारण आता फार उरलेलं नसतं.

मग बाळाचं वळण. ओटीपोटाच्या हाडांची वाट वरती आडवी रुंद असते, खाली उभी. म्हणून बाळ आईच्या कुशीकडे तोंड करून शिरतं, हनुवटी छातीला लावतं, आणि खाली येता येता आईच्या पाठीकडे तोंड फिरवतं. डोकं बाहेर आलं की परत फिरतं, मग एक खांदा, मग दुसरा. गर्दीच्या वेळी दादरला उतरताना तुम्ही काय करता? खांदा तिरका करून, वळून. तेच. ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

शौचाला लागल्यासारखी जोराची भावना येते, ती बाळाच्या डोक्याच्या दाबाने. ती आल्यावरच जोर करा, आधी केलेला जोर फुकट जातो. आणि थोडं शौचाला झालंच तर होऊ दे. आम्ही ते पुसतो आणि विसरतो. डोकं दिसायला लागलं की आग झाल्यासारखं वाटतं. त्या क्षणी सिस्टर ‘जोर थांबव, फुंकर मार’ म्हणेल ते ऐका. तिथे कातडी वाचते.

बाळ आलं की संपलं असं वाटतं, पण वार अजून आत असते, साधारण अर्ध्या किलोची. मांडीत इंजेक्शन देतात ते पिशवी आवळावी आणि रक्त कमी जावं म्हणून, ते नको म्हणू नका. बाळाची नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापली तर वारेतलं रक्त त्याला मिळतं. मग उघड्या छातीवर बाळ आणि पहिल्या तासात दूध. पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, फेकायचा नाही.

ओरडलं तर चालतं का? आमच्या ताईला फार रागावले होते.

चालतं. माझ्या पहिल्या बाळंतपणात, मी स्वतः नर्सिंगची विद्यार्थिनी असून, एका आयाबाईंनी मांडीवर चापट मारून ‘गप पड’ म्हटलं होतं. पुढच्या कळा मंदावल्या त्या मला आठवतात. भीतीने अॅड्रेनालिन वाढतं आणि कळा आणणारं ऑक्सिटोसिन मागे पडतं. मांजर अंधाऱ्या कोपऱ्यात वितं ते उगाच नाही. सोबतीला ओळखीची बाई असली तर कळा सोसतात. सरकारी दवाखान्यांत अशी सोबतीण ठेवू द्यावी असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलंय. नाव घालतानाच विचारा.

एपिड्युरलने, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात त्या इंजेक्शनने, कंबर कायमची जाते का?

नाही. टोचल्या जागी काही दिवस दुखेल. कायमच्या कंबरदुखीचं कारण बहुधा वाकून पाजणं आणि बाळाला एकाच कडेवर घेणं. हवं असेल तर घ्या. सोसलं म्हणून कोणी पदक देत नाही.

सिझर झालं तर मी कमी पडले का?

कशात? वार आडवी आली, बाळाचे ठोके पडले, बाळ अडलं, तर सिझरच. ‘सिझर का?’ एवढं मात्र विचारा, आणि कारण ऐकून घ्या.

बाळंत झाले, तरी पोट पाचव्या महिन्याएवढं का?

कारण पिशवी अजून बेंबीशी आहे, किलोभराचीच. दहा-चौदा दिवसांत ती आत उतरते, पूर्वीसारखी व्हायला सहा आठवडे. पाजताना ओटीपोटात कळा येतात ती तिची आवळण्याची क्रिया, दुसऱ्या खेपेला जास्त. अंगावरून चार ते सहा आठवडे जातं. आधी लाल, मग तपकिरी, मग पांढरट. तासात एक पॅड भिजलं, घाण वास आला किंवा ताप आला, तर दवाखाना.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल खा. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, वन-रूममध्ये तर नकोच. धूर बाळाच्या छातीत जातो. पाणी तोडायचं नाही, दूध त्यातूनच होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस पुंजक्यांनी गळतात, टक्कल पडत नाही.

बाळ कमी दिवसांचं असेल आणि तुम्हाला दूध उतरायला वेळ लागत असेल तर आईच्या दुधाच्या पेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये आपल्या सायन हॉस्पिटलातच डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

सिस्टर, मी नवरा. मी काय करू?

कळ आली की तिच्या कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताने घट्ट दाबून धरा. चोळू नका, दाबा. कळ गेली की एक घोट पाणी. ‘अजून किती वेळ?’ हे तिला विचारू नका, सिस्टरला विचारा. फोन चार्ज करून आणा आणि गावाला फोन लावायचे ते बाहेर जाऊन लावा. आणि निघण्याआधी स्वतः जेवून घ्या. लेबर रूमच्या दारात चक्कर येऊन पडलेल्या बायकांपेक्षा नवरेच मी जास्त उचललेत.